पुस्तकाशेजारी ठेवायची वस्तू

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू दोन गोष्टी विचारल्यास. मोर्सची, म्हणजे तारेच्या डॉट-डॅश लिपीतली, अक्षरं हवीत, ती पत्राच्या शेवटी लिहून दिली आहेत. दुसरा प्रश्न मात्र फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र.

तुम्ही वाचणाऱ्या मैत्रिणी वसंतात इंग्लंडातल्या विनकँटनला जमणार, प्रत्येकीने ‘डिस्कवर्ल्ड’ या कल्पित जगाच्या विनोदी कादंबऱ्या लिहून गेलेल्या टेरी प्रॅचेटसाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करून आणायचं, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. तुझ्यापुढे दोन बेत आहेत. एक भरतकामाचा, मोर्सच्या खुणा टाक्यांत घालायचा. दुसरा म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांतल्या टिफनी एकिंग या मेंढपाळांच्या घरातल्या तरुण चेटकिणीची गोष्ट त्यांच्या शेवटच्या पुस्तकाच्या पुढे नेऊन लिहायची, आणि तीही त्यांच्याच शैलीत, शेवटचा भाग म्हणून शोभेल अशी. यातलं कोणतं करू, असं तू विचारतेस. आणि ऑफिसातल्या कुणीतरी ‘मोठ्या माणसांनी हे काय खेळ मांडलेत’ असं म्हटलं, तेही तुझ्या मनाला लागलंय, हे तुझ्या आवाजावरून कळलं.

त्या बोलण्याचं आधी सांगतो. डेन्मार्कची मार्गारेट तरुण असताना टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या इतकी प्रेमात पडली की तिने त्यातल्या प्रसंगांची चित्रं काढली आणि थेट टॉल्किनला पाठवली. पुढे 1977 मध्ये डॅनिश आवृत्तीत ती चित्रं छापली गेली, तीही तिच्या नावाने नव्हे, ‘इंगाहिल्ड ग्राथमर’ या टोपणनावाने. तेव्हा ती देशाची राणी होती. राज्य चालवणाऱ्या बाईला त्यात खेळ वाटला नाही. डोनाल्ड स्वान या ब्रिटिश संगीतकाराने टॉल्किनच्या कादंबरीतल्या कवितांना चाली लावल्या. एल्फ या कल्पित लोकांच्या भाषेतल्या एका गाण्याची त्याची चाल टॉल्किनला पटेना, तेव्हा त्या म्हाताऱ्या प्राध्यापकाने स्वतः गुणगुणून आपल्या मनातली चाल सांगितली. 1967 मध्ये त्या गाण्यांचं पुस्तक निघालं, तर त्यातली वळणदार एल्फलिपी टॉल्किनने आपल्या हाताने काढून दिली. वाचकाने केलेल्या कामात लेखकच येऊन बसला! मला ही गोष्ट फार आवडते.

आणि तुझे प्रॅचेट तरी कोण होते? आधी वाचकच. तेराव्या वर्षी, वर्षाच्या शेवटच्या रात्री शेजाऱ्यांची मुलं सांभाळायला म्हणून गेले आणि तिथे टॉल्किनची ती जाडजूड कादंबरी उघडली, ती संपेपर्यंत त्यांनी सोडली नाही. पुढे तरुणपणी टॉल्किनला पत्र लिहिलं, त्याचं उत्तरही आलं. 1992 मध्ये टॉल्किनच्या जन्मशताब्दीनिमित्त बऱ्याच लेखकांनी त्याच्या सन्मानार्थ कथा लिहिल्या, त्यांचा एक संग्रह निघाला. त्यात प्रॅचेटची ‘ट्रोल ब्रिज’ आहे. तू मला ती वाचून दाखवली होतीस. म्हातारा योद्धा कोहेन पुलाखालच्या राक्षसाशी लढायला येतो, आणि दोघं लढायचं सोडून पूर्वीचे डोंगर, पूर्वीची अरण्यं कुठे गेली म्हणून बोलत बसतात. टॉल्किनचं एकही पात्र त्यांनी उचललं नाही, त्याच्या भाषेची नक्कल केली नाही. पण जुनं जग हातातून निसटत चालल्याचं जे दुःख टॉल्किनच्या पानापानात आहे, ते त्यांनी आपल्या पद्धतीने, हसवत हसवत, पुन्हा मांडलं. याला मी खरी मानवंदना म्हणतो. पुढे ऑस्ट्रेलियातल्या चाहत्यांनी त्या कथेवर चित्रपट करायला घेतला. लोकांकडून पैसे जमवत, मिळेल त्या वेळात काम करत त्यांना दहा वर्षांहून जास्त लागली, 2019 मध्ये तो पूर्ण झाला. टॉल्किनपासून प्रॅचेट, प्रॅचेटपासून ते ऑस्ट्रेलियन. प्रत्येकाने घेतलं आणि आपल्याकडचं घालून पुढे दिलं.

आता तुझा खरा प्रश्न. गोष्ट पुढे लिहावी का?

इथे मला नाथमहाराज आठवतात. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षं लोक ती पोथी उतरवून घेत होते, आणि उतरवताना कुणी शब्द बदलले, कुणी आपल्या ओव्या मध्ये घातल्या. घालणारेही भक्तच असणार, प्रेमानेच घालत असणार. नाथांनी अनेक प्रती ताडून पाहिल्या, मूळ पाठ निवडून काढला आणि शेवटी बजावून ठेवलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात नारळाची करवंटी. लहानपणी आजोबांच्या तोंडून ही ओवी ऐकली तेव्हा ती मला कठोर वाटायची. पण नाथांनी ओव्या लिहिण्यावर बंदी घातली नव्हती. त्यांनी स्वतः भागवताच्या अकराव्या स्कंधावर हजारो ओव्या लिहिल्या. ज्ञानदेवांनी तर ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ म्हणत गीतेवरच एवढा मोठा ग्रंथ उभा केला. आपलं ताट वेगळं मांडावं आणि त्यात हवं ते वाढावं. दुसऱ्याच्या ताटात आपलं ढकलू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

यालाही एक दुसरी बाजू आहे, ती लपवली तर तुझ्याशी प्रामाणिक राहिलो असं होणार नाही. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं आणि ते त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरं केलं. परंपरा सांगते की हे काम नाथांनीच त्याच्यावर सोपवलं होतं. टॉल्किनच्या घरीही तसंच झालं. त्यांनी आपलं अपुरं लेखन मुलाच्या, ख्रिस्तोफरच्या, हवाली केलं होतं, म्हणून ख्रिस्तोफरने ते ढीगभर कागद लावून, सांधून 1977 मध्ये ‘सिल्मॅरिलियन’ प्रसिद्ध केलं आणि पुढचं आयुष्य त्याच कामात घातलं. तेव्हा अपुरं काम पुरं करणं हेच मुळात चूक, असं मी म्हणणार नाही. ज्याचं काम त्याने काय सांगून ठेवलंय, ते आधी ऐकायचं.

प्रॅचेटनी काय सांगून ठेवलं होतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपली अपुरी पुस्तकं ज्या हार्ड ड्राइव्हवर आहेत, ती वाफेच्या रोलरखाली चिरडून टाकावी. 25 ऑगस्ट 2017 रोजी, डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत, त्यांचे सहायक रॉब विल्किन्स यांनी ती इच्छा पुरी केली. ‘लॉर्ड जेरिको’ नावाचा साडेसहा टनी जुना रोलर तिच्यावरून पुन्हा पुन्हा नेला, तरी ती पुरती मोडेना, म्हणून मग दगड फोडायच्या यंत्रात घातली. त्या वर्षी सॉल्सबरीच्या संग्रहालयात त्यांच्यावर प्रदर्शन भरलं, तिथे तिचे तुकडे मांडले होते. मी त्या विल्किन्सचा विचार करतो. ज्या माणसाचं डिक्टेशन इतकी वर्षं घेतलं, ज्याची स्मृती आजाराने हळूहळू जाताना पाहिली, त्याचे शेवटचे शब्द आपल्या हाताने नष्ट करायचे. त्या ड्राइव्हमध्ये काय होतं ते वाचायची इच्छा त्याच्याइतकी कुणाला असणार? प्रेम होतं म्हणूनच त्याने ते केलं. आणि त्यांच्या मुलीने, रियानाने, जी स्वतः लेखिका आहे, 2015 मध्ये निघालेलं टिफनीचं पुस्तक हेच डिस्कवर्ल्डचं शेवटचं, यापुढे आपण लिहिणार नाही आणि कुणाला लिहू देणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

तू म्हणशील, त्या पुस्तकाच्या मागच्या टिपणात विल्किन्सनेच लिहिलंय की वेळ मिळाला असता तर लेखकाने त्यावर अजून हात फिरवला असता. ती उणीव वाचताना तुला जाणवते आणि ती भरून काढावीशी वाटते. ही ओढ चांगलीच आहे. मैत्रिणींना रात्री शेकोटीशी सांगायला म्हणून टिफनीची गोष्ट जुळवलीस तर त्यात काहीच वावगं नाही. पण ‘शेवटचा भाग’ म्हणून, त्यांचा आवाज काढून लिहू नकोस. ते ताट त्यांनी स्वतः उचलून ठेवलंय. तुला सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मेंढपाळांची ती चुनखडीची टेकाडं वाचताना तुला आपल्या माणदेशातले धनगर आठवले होते ना? मग म्हसवडच्या बाजूची एखादी पोर, तिची आजी, तिची मेंढरं घेऊन तुझी गोष्ट लिही. टिफनीचं नावही त्यात नको. जाणकाराला कळायचं ते कळेल.

स्टीफन ब्रिग्जचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेव. प्रॅचेट सुरुवातीला म्हणायचे की या जगाचा नकाशा नाही, विनोदबुद्धीचा नकाशा काढता येत नसतो. हा ब्रिग्ज ॲबिंग्डनच्या हौशी नाटक मंडळीतला, त्यांच्या कादंबऱ्यांची नाटकं करणारा. त्याने कादंबऱ्यांमधून कोण पात्र कुठल्या गल्लीतून वळून कुठे पोचलं याच्या बारीक नोंदी काढल्या आणि त्यावरून अख्ख्या अँक-मॉरपॉर्क शहराचा नकाशा जुळवला. 1993 मध्ये तो छापला गेला. लेखकाला अशक्य वाटलेली गोष्ट वाचकाने निव्वळ नीट वाचून शक्य केली. पुस्तकातलं अक्षरही न बदलता त्याने पुस्तकाशेजारी एक वस्तू ठेवली. आणि विनकँटन तर अख्खं गावच तसं. 2002 पासून ते अँक-मॉरपॉर्क या न-असलेल्या शहराचं जुळं गाव आहे. तिथल्या नव्या वस्तीत ‘ट्रीकल माइन रोड’ आणि ‘पीच पाय स्ट्रीट’ हे पुस्तकांतल्या नावांचे खरे रस्ते आहेत, 2009 साली नावं दिलेले. टपाल तिथे त्याच पत्त्यांवर पोचतं. तिथे गेलीस की त्या पाट्यांचे फोटो आईला पाठव, मला तर हवेतच.

म्हणून माझं मत भरतकामाच्या बाजूने. आणि माझ्यासारख्या तारमास्तराला विचारतेस तर मला दुसरं काही सुचणारही नाही. प्रॅचेटचं ‘गोइंग पोस्टल’ तू मला दिलंस ते आपली तार सेवा जुलै 2013 मध्ये बंद झाल्यानंतर. त्यातले क्लॅक्सचे मनोरे, टेकडीमागून टेकडीला झडपा उघडून-मिटून निरोप देणारे ते लोक, हे मला कल्पित वाटलेच नाहीत. पैसे भरलेल्या तारांखेरीज लाइनवर आमचे स्वतःचे निरोप जायचे. रात्रपाळीला पलीकडच्या स्टेशनावर कोण बसलाय, हे त्याच्या नुसत्या कट्ट-कडकट्टवरून कळायचं. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. त्या पुस्तकात कामावर मेलेल्या माणसाचं नाव मनोऱ्यांवरून फिरत ठेवतात. आधी जी, एन, यू ही तीन अक्षरं: निरोप पुढे दे, नोंद करू नकोस, टोकाला पोचला की परत फिरव. नाव फिरतंय तोवर माणूस गेलेला नाही. 12 मार्च 2015 ला प्रॅचेट गेल्यावर त्यांच्या वाचकांनी हेच त्यांच्यासाठी केलं. जगभरच्या संकेतस्थळांवर पानाबरोबर जाणारी, पण वाचणाऱ्याला न दिसणारी एक ओळ घातली, तिच्यात ही तीन अक्षरं आणि त्यांचं नाव. त्यांनीच शोधलेली रीत त्यांनाच लागू केली. अशी श्रद्धांजली मी दुसरी पाहिलेली नाही, आणि ही रीत शोधणारा माणूस आमच्या लाइनवर कधी बसलेला नव्हता, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

तू तेच टाक्यांमध्ये घालणार आहेस. मग शिस्त नीट पाळ. डॉट म्हणजे एक माप, डॅश तीन मापं. एका अक्षरातल्या खुणांमध्ये एका मापाची मोकळी जागा, दोन अक्षरांमध्ये तीन मापं, दोन शब्दांमध्ये सात. कापडाचे धागे मोजून माप धर, डोळ्यांच्या अंदाजाने नको. धावता टाकाच पुरे, गाठी दिसू देऊ नकोस.

जी : डॅश डॅश डॉट
एन : डॅश डॉट
यू : डॉट डॉट डॅश

टेरी : डॅश / डॉट / डॉट डॅश डॉट / डॉट डॅश डॉट / डॅश डॉट डॅश डॅश

‘एन’कडे जास्त लक्ष दे. त्याच्या दोन खुणांमध्ये जागा जास्त सुटली तर वाचणारा त्याला ‘टी’ आणि ‘ई’ वाचेल. आडनावाची अक्षरं मुद्दाम दिलेली नाहीत, ती तू तक्त्यावरून बसव आणि कापडावर घेण्याआधी कागदावर काढून मला फोटो पाठव, मी तपासून देतो. आई म्हणते, काळ्या कापडावर पांढरा धागा घे आणि तो दोनपदरी ठेव, एकपदरी लांबून दिसणार नाही.

तुझा,
बाबा