बागेच्या फाटकाला आतून कडी लावा

पुणे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आईला स्वयंपाकघरात काम निघतं आणि बाबा उजनीत किती टक्के पाणी आलं त्यावर येतात. म्हणून लिहून पाठवते आहे. दोघं एकत्र बसून वाचा.

आपल्या बागेत न विचारता माणसं येतात, त्याबद्दल मला बोलायचंय. फुलं न्यायला येतात, बेल न्यायला येतात, बोअरचं पाणी भरायला येतात, आणि मागच्या गल्लीतले तर आता बागेतूनच मेन रोडला जातात. हे थांबवा, अशी माझी विनवणी आहे. भांडू नका, पण थांबवा.

तुम्ही प्लॉट घेतलात तेव्हा जुळे सोलापुरात चहूकडे रान होतं आणि खाली नुसता मुरूम. बाबा, एस.टी.तली ड्युटी संपवून आलात की तुम्ही पहार घेऊन खड्डे घ्यायचात. ट्रॉलीने काळी माती आणि शेणखत आणून ते भरलेत. आईने तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कपड्यांचं शेवटचं पाणी बादलीबादलीने नेऊन चिकू जगवला. 2015-16 च्या दुष्काळात बोअर आटलं तेव्हा टँकरच्या पाण्यातली पहिली बादली बेलाला जायची, मग घरातल्यांच्या आंघोळी. हे मी पाहिलेलं आहे. त्यामुळे ‘दोन फुलं नेली तर काय बिघडलं’ हे वाक्य मला सहन होत नाही.

मे महिन्यात आले होते तेव्हा पहाटे साडेपाचला फाटक वाजलं. खिडकीतून बघते तर कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकू, एका हातात आकडी, दुसऱ्या हातात पिशवी. गजांतून हात घालून त्यांनी कडी काढली, बघावंही लागलं नाही त्यांना. जास्वंदीची उमललेली फुलं घेतलीच, पण उद्याच्या कळ्याही खुडल्या, उद्या आपल्या आधी दुसरं कोणी आलं तर म्हणून. बेलाची पानं तोडायला त्यांना वेळ नव्हता, आकडी अडकवून फांदीच ओढली. त्या गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. फांदी धड तुटलीही नव्हती, सालीच्या पट्टीला लोंबत होती आणि चिरलेलं पांढरं लाकूड ओलं दिसत होतं. खाली वाटेवर त्रिदळं पडली होती आणि त्यांच्यावर चपलांचे ठसे होते. महादेवाला वाहायचा बेल पायाखाली.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. आई, तू तेव्हा जागी होतीस. स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होतीस. बाहेर का जात नाहीस विचारलं तर म्हणालीस, “त्या जाऊ देत, मग जाते. उगाच त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको.” स्वतःच्या घरात, स्वतःच्या बागेत जायला तू त्या जायची वाट बघत होतीस. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 43 च्या वर जातो, दिवसभरात बाहेर बसावंसं वाटतं ते पहाटेचे दोन तासच. कट्ट्यावर चहाचा कप घेऊन बसण्याचे ते दोन तास तू लोकांना देऊन टाकलेस, आणि कोणी ते तुझ्याकडे मागितलेही नव्हते. त्या दिवशी तुझ्या देव्हाऱ्यात दोन तगरी होत्या. एवढी झाडं लावणाऱ्या बाईच्या देवाला दोन तगरी.

फूल शेवटी देवालाच जातं, कोणाच्या का हातून जाईना, असं तू म्हणतेस. तुझं मन मोठं आहे, मला माहीत आहे. पण आजी आम्हाला फुलं आणायला पाठवायची तेव्हा आधी त्या घरच्यांना हाक मारून विचारायला लावायची. कोणी नाही म्हटलं तर रिकाम्या हाताने परत यायचं, रुसायचं नाही. तीही देवासाठीच फुलं मागवायची.

मागच्या कोपऱ्याची मला वेगळी काळजी आहे. 2020 च्या ऑक्टोबरात तो भयंकर पाऊस झाला आणि मागच्या भिंतीचा कोपरा ढासळला. मागच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं, म्हणून बाबा, तुम्हीच त्यांना म्हणालात, पाणी ओसरेपर्यंत आमच्यातून जा. ते बरोबरच केलंत, मला त्याचा अभिमान आहे. पण पाणी ओसरलं, चिखल वाळला आणि वाट तशीच राहिली. आता तिथून मोटरसायकल जाते. गवती चहाचं बेट दोन्ही बाजूंनी चेपलंय. चिकूच्या बुंध्याला नायलॉनची दोरी बांधून कोणाच्या तरी चादरी वाळत घातलेल्या असतात. आणि आता त्या वाटेवर कोणीतरी दोन शहाबादी फरश्या टाकल्यात, पावसात पाय भरू नयेत म्हणून.

त्या फरश्या बघून मी इथे ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. बाबांना कागदाचं पक्कं लागतं, म्हणून त्यांनी सांगितलेलं सविस्तर लिहिते. वहिवाटीचा कायदा 1882 चा आहे, भारतीय सुविधाधिकार अधिनियम. त्याच्या कलम 15 प्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीतून कोणी 20 वर्षं उघडपणे, बिनतक्रार, अखंड आणि आपला हक्क म्हणून ये-जा करत राहिलं, तर ती वाट त्याच्या हक्काची ठरू शकते. मालकाच्या परवानगीने जाणं यात बसत नाही. परवानगी म्हणजे मुभा, आणि कलम 60 प्रमाणे ती सहसा मालकाला काढून घेता येते. मात्र त्या मुभेवर विसंबून समोरच्याने पदरचे पैसे घालून कायमचं बांधकाम केलं असेल, तर ती काढून घेता येत नाही. दोन सुट्या फरश्या म्हणजे काही बांधकाम नव्हे. पण आज फरशी आहे, उद्या त्याखाली सिमेंट येईल, आणि परवा कोणी म्हणेल की इथून रस्ता पहिल्यापासूनच होता. तेव्हा ‘पावसात मी सांगितलं म्हणून जात होते’ हे सांगायला तुम्ही पाहिजे, बाबा, आणि कागदही पाहिजे. आपलं खरेदीखत काढून चतुःसीमा वाचा. प्लॉटातून कोणाचा रस्ता असल्याचा शब्द त्यात कुठेही नाही.

पोलिसांत जायचं मी मुळीच म्हणत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 329 खाली दुसऱ्याच्या जागेत शिरणं हा गुन्हा होतो तो काही गुन्हा करायच्या, धमकावायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या इराद्याने शिरलं तर. काकू पूजेसाठी येतात. त्यांना गुन्हेगाराच्या रांगेत उभं करणं मलाही पटणार नाही. हे चार माणसांनी समोरासमोर बोलून मिटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच ते बोललं जायला पाहिजे.

आता पाण्याचं. पाण्याला मी नाही म्हणणार नाही. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे बोअर असलेल्या घराने कोणाची घागर अडवू नये, हे आईचं म्हणणं मला मान्य आहे. पण घागर भरून झाल्यावर पाइप वाटेत टाकून जाणं, नळ अर्धवट ठेवणं, त्यामुळे फरशीवर शेवाळ धरणं, हे कशासाठी सोसायचं? शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी बाबा त्याच पाइपात पाय अडकून पडले. मनगट मोडलं. आणि मला कधी कळलं, तर प्लास्टर निघायची वेळ आली तेव्हा. “काही नाही गं, जरा घसरलो.” बाबा, या वयात मनगटावर निभावलं. खुब्याचं हाड असतं तर?

तुमचं उत्तर मला पाठ आहे. रात्री-अपरात्री काही झालं तर हेच शेजारी धावून येणार, तू पुण्याहून पोचेपर्यंत चार तास जाणार. खरं आहे. अडीचशे किलोमीटरचं अंतर माझ्या काळजीने कमी होत नाही, आणि हे मला रोज रात्री झोपताना बोचतं. म्हणून तर शेजाऱ्यांशी वाकडं यावं असं मलाही वाटत नाही. पण त्या संध्याकाळी कोण आलं ते आठवा. शेजारच्या तेलुगू अक्का आल्या. त्यांच्या मुलाने रिक्षा आणली, हाडाच्या डॉक्टरांकडे तोच घेऊन गेला, रात्री अक्कांनी भाजी-भाकरी पाठवली. आणि अक्का इतक्या वर्षांत फाटकाबाहेरून “वहिनी” अशी हाक मारल्याशिवाय कधी आत आल्या नाहीत. कडीपत्त्याची एक काडी हवी असली तरी हाक मारतात. फाटकाला आतून कडी लागली म्हणून अक्का यायच्या थांबतील, असं तुम्हाला खरंच वाटतं? त्यांना एक किल्लीच देऊन ठेवा. रात्री काही झालं तर त्या आत येऊ शकतील, आणि माझाही जीव जागेवर राहील.

आई, बोलायला तुला जड जातं, म्हणून मी वाक्यच देते. “काकू, उद्यापासून फुलं मीच काढून ठेवत जाईन. तुम्ही फाटकाशी हाक मारा, झाडाला हात लावू नका.” एवढंच बोल. हे पडले, डॉक्टर असं म्हणाले, मुलगी रागावली, असं काही जोडू नकोस, कारण सांगितलं की समोरचा त्यावर तोड काढतो. तुझी बाग आहे, तुझी इच्छा आहे, तेवढं पुरे. पहिले काही दिवस तोंड फिरवतील. भिशीत कोणीतरी टोमणा मारेल. ते सोपं जाईल असं मी म्हणत नाही, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण द्यायचा आनंदही तुझाच आहे गं. आत्ता लोक घेऊन जातात, तू देत नाहीस. श्रावणी सोमवारी सिद्धेश्वराला जाणाऱ्यांसाठी आदल्या संध्याकाळी बाबांनी कात्रीने हळू बेल काढावा, तू धुऊन टोपलीत ठेवावास आणि सकाळी ज्याला त्याला आपल्या हाताने द्यावास. झाडही राहील आणि सगळ्यांना पुरेलही.

बाबा, वैतागून “बेलच तोडून टाकतो” हे परत म्हणू नका. शहरात झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ते असो. पण जो त्रास माणसांचा आहे त्याची शिक्षा झाडाला कशाला? शेवग्याचं मात्र बघा. त्याच्या शेंगांसाठी मागच्या गल्लीतली पोरं वर चढतात. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, कधी मोडेल सांगता येत नाही. एखादं पोर पडलं तर त्याच्या आईला काय तोंड दाखवणार आपण? खालच्या फांद्या उतरवून घ्या आणि शेंगा तुम्हीच काढून त्यांच्या घरी पाठवा.

फाटकाला आतून पत्रा मारायला आणि कडी खाली घ्यायला वेल्डिंगवाल्याशी मी बोलले आहे, म्हणजे बाहेरून हात घालून निघणार नाही. बाहेर एक घंटी बसवून घ्या. घागर भरायला येणाऱ्यांसाठी पाइप भिंतीच्या कडेने फाटकापर्यंत नेऊन तिथेच एक तोटी काढता येते का, ते प्लंबरला विचारा. तसं झालं तर पाणीही मिळेल आणि कोणाला आत यावं लागणार नाही.

मागच्या भिंतीसाठी गवंडी सांगितलाय, आषाढीच्या आधी येईन म्हणालाय. त्याआधी बाबा, तुम्ही मागच्या गल्लीत स्वतः जाऊन घरोघर सांगा. एकदम भिंत उभी दिसली तर लोकांना अपमान वाटेल, आणि तो वाटणं चूक नाही. सोबत एक साधा कागद लिहा, की 2020 च्या पावसात आम्ही तात्पुरतं जायला दिलं होतं, आता भिंत बांधतो आहोत. खाली तारीख आणि सही. त्याची एक प्रत खरेदीखताच्या फाइलीत ठेवा. चादरीवाल्यांना दोरी सोडायला सांगा, आणि फरश्या ज्यांच्या असतील त्यांना त्या परत द्या, गटारीवर टाकू नका.

विटा-सिमेंटचे पैसे बाबांच्या खात्यावर पाठवते आहे, परत पाठवायचे नाहीत. आणि पडलेले दगड गवंड्याची माणसं उचलतील, बाबांनी त्या हाताने एकही उचलायचा नाही. आई, तू तिथे खुर्ची टाकून बस.

तुमची,
धाकटी