बाबा, त्या नेपाळी जोडप्याचा हिशोब

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

हे फोनवर बोलणं जमत नाही म्हणून लिहितेय. फोनवर बाबा 'बरं बरं, ठेव आता' म्हणतात, मग आई फोन घेते आणि पावसाचं विचारते, आणि मुद्द्याचं राहूनच जातं. आई, तू बाबांना चष्मा आणून दे आणि त्यांचं वाचून होईपर्यंत शेजारी बस.

बाबा, रविवारी तुम्ही म्हणालात की पुढच्या सीझनला बागेत दुसरं जोडपं बघ, आधीच्यांनी ऐन एप्रिलात दगा दिला, आंबा झाडावर सोडून निघून गेले, आता त्यांना एक रुपया द्यायचा नाही. आणि मग म्हणालात, एवढा हिमालय, एवढा पशुपतिनाथ, असा मुलुख सोडून ही माणसं इकडे येतातच कशाला, आणि येतात तर टिकत का नाहीत. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, पण ते डोक्यातून जाईना. मग चार-पाच रात्री जेवणं झाल्यावर खाली जाऊन आमच्या वॉचमन दाजूंशी (नेपाळीत दाजू म्हणजे दादा) बोलत बसले. ते जोडपं त्यांच्याच शब्दावर तुमच्याकडे आलं होतं, त्यांच्याच जिल्ह्यातलं. आणि तेव्हापासून दाजू माझ्याकडे मान वर करून बघत नव्हते, ते का ते आता कळलं.

दाजू अछामचे, नेपाळच्या पार पश्चिमेचा डोंगराळ जिल्हा. तिकडे भारतात कामाला जाण्याला 'काला पहाड जाणं' म्हणतात, त्यांचे वडीलही जायचे. स्वतः दाजू सतराव्या वर्षी आले, २००२ साली. तेव्हा माओवाद्यांचं युद्ध चालू होतं, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, मंगलसेनला, मोठा हल्ला होऊन शंभरावर पोलीस आणि सैनिक मारले गेले होते, आणि गावात तरुण पोरगा दिसला की एका बाजूला वाटायचं हा आपल्यात यावा आणि दुसऱ्या बाजूला वाटायचं हा त्यांच्यातलाच. म्हणून आईने बसमध्ये बसवून दिलं. पण ते म्हणाले, ताई, लडाई २००६ ला संपली, हम तो फिर भी यहीं हैं ना. मग खरं कारण काय, तर जमीन.

डोंगरउतारावरची पायऱ्यांची शेतं, तीन भावांत वाटून त्यांच्या वाट्याला जे आलंय त्यावर मका, गहू आणि कोदो होतो. कोदो म्हणजे काय विचारलं तर मोबाईलवर फोटो दाखवला, बाबा, आपली नाचणी! तीच, आपल्या वरकस जमिनीवर आजी लावायची ती. घरचं धान्य पाच महिने पुरतं, उरलेले सात महिने विकत. आणि विकत घ्यायला पैसा पाहिजे तर गावात मजुरी आहे कुठे, सगळ्यांचीच शेतं तेवढीच, कोण कोणाला कामाला लावणार. म्हणजे तिकडे कमी पगार मिळतो एवढंच नाहीये, वर्षातले कित्येक महिने पगार देणारं कुणी नसतंच, आणि हे मला आधी कळलंच नव्हतं.

केबिनमध्ये त्यांची एक वही आहे, गाड्यांचे नंबर लिहायची, तिच्या शेवटच्या पानांवर त्यांचा स्वतःचा हिशोब. लिपी आपलीच, त्यामुळे मला वाचता आला. एका बाजूला 'भारु' लिहिलंय, दुसऱ्या बाजूला 'नेरु', म्हणजे भारतीय रुपये आणि नेपाळी रुपये. १९९३ पासून आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ हा दर ठरलेला आहे, तो हलत नाही. पहाटे ते सोसायटीतल्या गाड्या धुतात, एका गाडीचे महिन्याला पाचशे, त्याच्या पुढे बारीक अक्षरात आठशे. प्रत्येक आकड्यापुढे तसाच दुसरा आकडा, आणि खाली 'आमा औषधी', 'छोरी स्कुल', 'साहु'. साहु म्हणजे सावकार. मला वाटलं आकडा मोठा दिसतो म्हणूनच येत असतील, पण ते म्हणाले तसं नाही, तिकडे तांदूळ-तेल बरंचसं इंडियातूनच येतं, महागच पडतं, आकडा नुसता बघायला बरा. इथे रोज काम आहे आणि एक तारखेनंतर पगार होतो, एवढंच.

तुम्ही म्हणाल मग दुबई-कतारला का जात नाहीत, जास्त मिळतं. जातात ना, पण त्याला पासपोर्ट, परमिट, एजंटचे पैसे, म्हणजे आधी कर्ज काढा. इकडे यायला काहीच लागत नाही, १९५० च्या करारामुळे दोन्ही देशांच्या लोकांना ये-जा करायला, राहायला, काम करायला व्हिसा नको. महेंद्रनगरहून सीमा ओलांडून बनबसा, तिथून दिल्लीची बस, दिल्लीहून ट्रेन. म्हणून ज्याच्याकडे कर्ज काढायचीही ऐपत नाही तो इंडियात येतो, थोडीफार पत असलेला आखातात किंवा मलेशियात जातो, आणि त्याहून बरं असलेल्यांची मुलं जपान-ऑस्ट्रेलियाला. सगळं मिळून बाहेरून घरी येणारा पैसा नेपाळच्या अख्ख्या उत्पन्नाच्या जवळजवळ चौथा हिस्सा आहे. विचार करा, देश असा चाललाय, आपली कोकणातली गावं जशी मनीऑर्डरवर चालायची.

आता ते जोडपं का गेलं ते सांगते. त्यांच्या घरात म्हातारी आई, यांचा आठ वर्षांचा मुलगा आणि धाकटा भाऊ. ठरलेलं असं की एकाने घर आणि शेत बघायचं, एकाने बाहेर कमवायचं, म्हणजे पीक बुडालं तर पगार आणि पगार बुडाला तर पीक. हे त्यांनी कुठे शिकून केलेलं नाही, पण जवळपास प्रत्येक घर असंच चालतं म्हणाले. तर त्या धाकट्याचं कतारचं काम चार वर्षं लटकलेलं ते मार्चअखेर एकदम झालं, सावकाराकडून शेकड्याला महिन्याला तीन रुपये व्याजाने पैसे उचललेले, तारीख चुकली असती तर पैसेही बुडाले असते. तो गेला आणि घरात म्हातारी आणि पोर दोघंच उरली, मक्याची पेरणी तोंडावर. त्या बाईने तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला होता बाबा. तिचं हिंदी तोडकं, तुम्हाला कमी ऐकू येतं, आणि तुम्हाला वाटलं पगार वाढवून मागतेय. मी हे दाजूंकडून ऐकलं आणि मला रात्री झोप लागली नाही.

बाबा, तुम्हाला आठवतंय का, मिलमध्ये असताना तुम्ही लावणीला गावी यायचात. आजीने सांगितलेलं आहे मला. रजा मिळो न मिळो, मृगाचा पाऊस पडला की तुम्ही एसटीत. आणि दरवर्षी परत गेल्यावर मुकादम बोलायचा, तुम्ही गाववाले असेच, मशीन सोडून पळता, तुमच्यावर भरवसा नाही. एका वर्षी तुमचे पंधरा दिवसांचे पैसे कापले होते, ते तुम्ही आजपर्यंत विसरला नाहीत, गणपतीत सगळे जमले की अजून सांगता. लोअर परळच्या गावकीच्या खोलीत वीस जण, पाळीपाळीने झोपायचं, खानावळीचं जेवण, आणि एक तारखेला मनीऑर्डर. दाजू शिरवण्यातल्या चाळीत राहतात, एका खोलीत सात जण, दिवसपाळीवाले रात्री आणि रातपाळीवाले दिवसा झोपतात. एवढंच, की ८२ चा संप झाला तेव्हा तुम्ही परत येऊन कलमं लावलीत, तुमच्याकडे यायला जागा होती आणि कोकण म्हणजे शेवटी आपलंच राज्य, रेशनकार्ड होतं, मत होतं. यांना इथे यातलं काहीच नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि नेपाळनेही सीमा बंद केली तेव्हा दार्चुल्याकडे माणसांनी महाकाली नदीत उड्या टाकल्या, पोहत पलीकडे घरी जायला. दाजूंनी मला तो व्हिडिओ दाखवला, त्यांच्या फोनमध्ये अजून आहे.

त्या दोघांनी नोव्हेंबरपासून आपल्या बागेत मांगरात, त्या झोपडीवजा खोलीत राहून काय केलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मोहोराची फवारणी, पहाटे उठून माकडं हाकणं, थंडीत त्या बाईने झेला, आंबे उतरवायची जाळीची काठी, धरलेला मी जानेवारीत आले तेव्हा स्वतः पाहिलाय, आधीच सराव करून घेत होती. पहिल्या तोडीच्या पेट्या त्यांनीच भरल्या, त्या वाशी मार्केटला आल्या आणि चांगला भावही मिळाला, तुम्हीच फोन करून सांगितलंत. खावटी, म्हणजे जेवणाखाणाला दिलेले पैसे, वगळून साडेपाच महिन्यांचे पैसे सीझन संपल्यावर द्यायचे ठरलेले, म्हणजे ते त्यांचे आहेत. पुढच्या दोन तोडी तुम्हाला रोजाची माणसं लावून कराव्या लागल्या, तुमचं नुकसान झालं, ते मी नाकारत नाही. पण केलेल्या कामाचे पैसे वेगळे आणि झालेलं नुकसान वेगळं, हे तुम्हीच मुकादमाबद्दल म्हणता ना.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या वहीत हाजऱ्या लिहिलेल्या आहेत, देवघराच्या फडताळात, आई, ती काढ. दिवस मोजून मला फोटो पाठव. दाजू श्रावणात गावी जाणार आहेत, ते हातोहात पोचवतील, बँकेत त्या दोघांचं खातं नाही. आत्ता पैसे हातात नसतील तर मी इथून देते, तुम्ही आंब्याच्या पैशातून सावकाश द्या मला, पण द्यायचे तुम्ही म्हणून, माझ्याकडून म्हणून नको. आणि ऑक्टोबरसाठी माणसं मी बघणार नाही, आधी दाजूंना तुम्ही स्वतः एक फोन करा. त्यांना रात्री अकरानंतर निवांत असतं, तुम्ही तोवर झोपता हे माहितीये, पण एक दिवस जागा.

आईने दिलेली आमसुलं संपत आली. छपराचं काम पावसाआधी झालं का ते कळवा.

तुमची,
बाय
नेरूळ