चाऱ्याची मदत दर आठवड्याच्या नकाशावर ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या मी मुलाकडे अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात आहे. मध्यंतरी राज्याच्या उत्तरेला चेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) काही दिवस राहून आलो. मुलूख आपल्या पुणे जिल्ह्याएवढा, वस्ती जेमतेम साडेपाच हजार. बाकी वाळूच्या टेकड्या, त्यांवरची कुरणं आणि गायी. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला, उभा जन्म जनावरांत गेलेला. पाऊस गेला तर हे लोक जनावरांना काय घालतात, हाच प्रश्न आधी विचारला.

त्यांची पद्धत सांगतो. दर गुरुवारी देशाचा दुष्काळ-नकाशा निघतो, तो तयार करणारी मुख्य संस्था इथेच लिंकनच्या विद्यापीठात आहे. काउंटीवर तीव्र दुष्काळाचा रंग ठरावीक आठवडे सलग राहिला की चराऊ कुरणांसाठीची सरकारी मदत आपोआप लागू होते. सर्वात गडद रंग चरणीच्या हंगामात एकदा जरी लागला, तरी चार महिन्यांची मदत. दर जनावरामागे महिन्याच्या चाराखर्चाच्या 60 टक्के रक्कम थेट मालकाच्या खात्यात जाते. शेळ्या-मेंढ्याही त्यात धरतात. मंत्र्याचा दौरा नाही, मोर्चा नाही.

इथेही सगळं आधीपासून असं सुरळीत नव्हतं. या योजनेची मुदत 2011 मध्ये संपली आणि 2012 मध्ये भयंकर दुष्काळ पडला. गवत करपलं, कित्येकांनी पोसलेल्या गायी विकल्या. 2014 च्या कायद्याने योजना कायमची केली आणि मागची भरपाईही दिली, पण गोठा मोडून दोन वर्षं झाल्यावर आलेल्या पैशाने गेलेली गाय परत येत नाही. त्याच 2012 साली आमच्याकडेही पावसाने दगा दिला होता. आमच्या भागात सरकारी चारा छावणी उघडेपर्यंत माझी खिलारी बैलजोडी मी बाजारात पडेल त्या भावाला देऊन आलो होतो. त्यामुळे ती हकिकत ऐकताना गळा दाटून आला.

आपल्याकडे निकष नाहीत असं नाही. 2016 च्या दुष्काळ संहितेत पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची स्थिती सगळं मोजायला सांगितलं आहे. पण खरिपाचा निर्णय होतो ऑक्टोबरअखेर, तोही तालुका धरून. 31 ऑक्टोबर 2023 ला 40 तालुके जाहीर झाले. त्यात सातारा जिल्ह्यातले वाई आणि खंडाळा होते, आमचे दुष्काळी माण-खटाव नव्हते! ओरड झाल्यावर इतर तालुक्यांतली महसूल मंडलं (तालुक्यातले गावांचे गट) दुष्काळसदृश म्हणून घेतली गेली. जनावराला मात्र रोज वैरण लागते. ते यादीची वाट पाहत नाही.

अमेरिकेचं सगळंच घ्यावं असं मी म्हणत नाही. इथे मदत डोईमागे असल्याने मोठ्या कळपवाल्याला मोठी रक्कम मिळते, एका माणसाला वर्षाला सव्वा लाख डॉलरपर्यंत. ही मर्यादा आपल्याला परवडणारी नाही आणि न्याय्यही नाही. आपल्याकडे मदत पाच-सहा जनावरांवर थांबवावी, मेंढपाळांसाठी वेगळा हिशेब असावा.

साधनं तर आपल्याकडे आहेत. मंडलामंडलात स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे. दर आठवड्याला मंडलनिहाय नकाशा जाहीर करावा, ठरलेली रेषा ओलांडली की बिल्ल्यावरच्या नोंदीप्रमाणे वैरणीचे पैसे मालकाच्या खात्यात टाकावेत, आणि कुणाला किती मिळाले ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं. छावणीत बायाबापड्यांनी महिनोन् महिने घर सोडून राहायचं आणि कागदावर भलतीच जनावरं मोजली जायची, हे तरी थांबेल.

पुढच्या खरिपाआधी निदान माण, खटाव, आटपाडी, सांगोला या चार तालुक्यांत हा प्रयोग व्हावा. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
माण तालुक्यातील एक पशुपालक
(सध्या मुक्काम लिंकन, नेब्रास्का)