माळ्यावरचा चरखा

धारवाड, रविवार दुपार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं, जेवलीस न्हवं?" म्हणतात आणि फोन आईकडे जातो. म्हणून लिहिते. तुमच्याकडे एक काम आहे, ते शेवटी.

गणपतीत पायरीवर बसलेल्या काकांनी विचारलं, पोरगी दवाखान्यात करते काय? बाबा म्हणाले, "वेड्यांकडून कागदाची फुलं करून घेते." सगळे हसले, मीही हसले. खोटं कुठे आहे, फुलंही करतो. 'ओटी' म्हटलं तर आईला खणानारळाची ओटी आठवते आणि बाबांना ऑपरेशन, म्हणून मीही कधी नीट सांगितलं नाही. ऑक्युपेशनल थेरपी. आपल्या देशात तिची पहिली शाळा 1950 साली मुंबईच्या केईएममध्ये काढली ती कमला निंबकर बाईंनी. मूळच्या अमेरिकन, लग्नाने निंबकर.

सध्या मी तातडीच्या वॉर्डात आहे. जीव द्यायला निघालेली, चार-चार रात्री डोळा न लागलेली माणसं इथे येतात. औषध डॉक्टर देतात, रात्रभर लक्ष सिस्टर ठेवतात. मी बघते ते साधं असतं: अंगावर पाणी घेता येतं का, केस विंचरायचं सुचतं का, घोटभर चहा जमतो का. जिथे अडतं तिथून सुरुवात करायची.

गेल्या महिन्यात खानापूरकडची एक बाई आली. (आई, अंदाज बांधत बसू नकोस, नावगाव सांगणार नाही.) कन्नड समजायचं, पण बोलायला जमायचं नाही. मी मराठीत "पाणी देऊ?" म्हटल्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली. नवरा बाहेर पोलीस केसच्या धास्तीने बसलेला. त्याला सांगितलं, 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने जीव द्यायला निघालेलं माणूस भयंकर ताणाखाली होतं असंच धरतात, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. त्याने तीनदा विचारून खात्री केली.

तिला पहिल्या दिवशी 'का केलंस' विचारलं नाही. थंड पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल हातात दिला, पावलं फरशीवर टेकवायला लावली आणि शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी मात्र मी घाई केली. जरा बरी दिसली म्हणून आठवड्याचा तक्ता पुढे ठेवला, सोमवार ते रविवार, काय काय करणार ते भर. त्या कोऱ्या चौकटींकडे ती बघत राहिली आणि मग दोन दिवस पांघरूण काढेना. चूक माझीच. ज्याला संध्याकाळ गाठायची पंचाईत, त्याला मी रविवार विचारत होते.

मग चहावर आले. विजेची किटली, प्लास्टिकचे मग, दुधाची पावडर. साखर घातली आणि हात थांबला. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आलं न्हाई होय?" फाईलमध्ये मी ते शब्द जसेच्या तसे लिहिले. ज्याला चहात आलं नाही हे खटकतं, त्याला थोडी तरी चव परत आलेली असते.

बाबा, आता जे लिहिते त्यावर रागावू नका. त्या रात्री मला 2019 च्या ऑगस्टचा पूर आठवला. मागाच्या खड्ड्यात पाणी, मोटर जळालेली, ताणा कुजलेला. पाणी ओसरलं तरी तुम्ही पायरीवरून उठत नव्हता. दाढी नाही, भजन नाही. आईने एका शब्दाने समजावलं नाही. भिजून गुंतलेली सुताची लड तुमच्या मांडीवर ठेवली: "एवढा गुंता सोडवून द्या, मला दिसत नाही हल्ली." आईला तेव्हा चांगलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दोन लडी, मग कांड्या, मग एकदा तुम्हीच धोटा पुसायला घेतलात. याच गोष्टीसाठी तुम्ही माझी साडेचार वर्षं फी भरलीत.

तर काम असं. माळ्यावरचा कांड्या भरायचा चरखा मला हवा आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत विणकरांच्या घरची माणसं आहेत, त्यांच्या हाताला फुलं परकी वाटतात. पण चात टोकदार आहे, ती काढून लाकडी बोथट बसवा. इथे सुई-कात्रीसुद्धा मोजून द्यायची, मोजून घ्यायची. सूतही मी समोर बसूनच देणार. चाकाचा खुळखुळ आवाज तेवढा घालवू नका.

आणि 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर पायरीवरच्या मंडळींच्या फोनमध्ये घाला. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. 'वेड्यांचा नंबर' म्हणून सांगू नका, नाहीतर कोणी ठेवून घेणार नाही.

चरखा कंडक्टरकडे देऊ नका, तुम्हीच घेऊन या. जेवून संध्याकाळच्या बसने परत जाता येईल. आई, पिशवीत आलं घाल पावभर. इथलं नुसतं तंतूच निघतं.

तुमची
बेबी