शनिवारच्या वाइनरी सहलीची आठवण

मंडळी, शनिवारी सकाळी बरोबर ९ वाजता सेंट लुईसहून निघायचं आहे. आधी ऑगस्टा, मग हर्मन, दोन्ही मिझुरीतलीच गावं. अमेरिकेतला पहिला अधिकृत द्राक्षप्रदेश हा मान १९८० मध्ये ऑगस्टाला मिळाला, कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध नापाच्याही आधी! हर्मनची स्टोन हिल वाइनरी १८४७ ची. अमेरिकेत दारूबंदी लागू झाल्यावर तिच्या तळघरांत अळंबी पिकवत असत.

नॉर्टन हे मिझुरीचं राज्य-द्राक्ष. त्याची गडद लाल वाइन नक्की चाखा. पहिला घोट उग्र लागेल, पण घाईने मत बनवू नका; चीजसोबत पुन्हा घ्या. चाखून थुंकलं तरी चालतं, त्यासाठीच भांडं ठेवलेलं असतं.

न्याहारी करूनच या. २१ पूर्ण असल्याचा फोटोसह पुरावा आणा. गाडी चालवणाऱ्यांनी घोटही घेऊ नये, ही कळकळीची विनंती.