कुरणात उरलेले झाड

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचून लगेच उत्तर लिहायला बसलो, पण पहिले दोन कागद फाडून टाकावे लागले. चिडून लिहिलेले तुला कधीच पटत नाही, हे इतक्या वर्षांच्या मैत्रीत मला कळले आहे. उपग्रहाच्या नकाशावर ॲमेझॉनचे खोरे अजून बहुतांशी हिरवेगार दिसते, मग वर्षावने संपत चालल्याची एवढी ओरड कशासाठी, असे तू विचारतोस. आणि जे तोडले गेले तिथे पुन्हा झाडे लावली की हिशेब चुकता होणार नाही का, असाही तुझा दुसरा प्रश्न आहे. नकाशाबद्दलचे तुझे निरीक्षण चुकीचे नाही. ॲमेझॉनच्या मूळ जंगलापैकी सुमारे १७ टक्के आजवर साफ झाले आहे, म्हणजे बाकीचे उभे आहे. मात्र उभ्या असलेल्या जंगलात आत काय चालले आहे, हे त्या हिरव्या रंगावरून समजत नाही, आणि माझी सगळी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

एकच झाड घेऊन सांगतो. ब्राझील नट हा ॲमेझॉनमधला महाकाय वृक्ष, उंचीने पन्नास मीटरपर्यंत जाणारा. त्याच्या फुलावर एक जाड, आत वळलेले झाकण असते आणि ते उचलून आत शिरण्याची ताकद फक्त मोठ्या, दणकट मधमाश्यांमध्ये असते. या माश्यांपैकी काही ऑर्किड माश्या म्हणून ओळखल्या जातात, कारण त्यांचे नर मादीला रिझवण्यासाठी ऑर्किडच्या फुलांतून सुगंधी द्रव्ये खरवडून नेतात. फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो. ते लाकडी गोळ्यासारखे कठीण आणि कधी कधी दोन किलो वजनाचे असते, आणि इतक्या उंचीवरून आदळूनही सहसा फुटत नाही. मग अगूती नावाचा, सशाएवढा एक कुरतडणारा प्राणी येतो आणि छिन्नीसारख्या दातांनी तासन्‌तास कोरून त्याला भोक पाडतो. आतल्या बियांपैकी काही तो तिथेच खातो आणि उरलेल्या पुढच्या टंचाईसाठी इकडेतिकडे पुरून ठेवतो. त्यातल्या ज्या बियांचा त्याला विसर पडतो किंवा ज्या खायला तो जिवंत राहत नाही, त्यांतून नवी झाडे उगवतात.

आता गंमत पाहा, अर्थात हिला गंमत म्हणणे जिवावर येते. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्याने बंदी आहे, म्हणून भोवतालचे सगळे जंगल जाळून कुरण केले तरी हे एकटे झाड तसेच ठेवले जाते. मी अशा झाडाचे छायाचित्र बराच वेळ पाहत बसलो होतो: सरळसोट राखाडी खोड, अगदी वर छत्रीएवढा पानांचा घोस, आणि खाली क्षितिजापर्यंत गवत आणि गुरे. कायदा पाळला गेला आहे आणि झाड जिवंतही आहे. पण भोवती जंगल नाही, म्हणून त्या माश्या नाहीत. माश्या नाहीत, म्हणून फळे नावापुरतीच. आणि एखादे फळ पडलेच तर ते फोडायला अगूती नाही. तुझ्या नकाशावर मात्र तो एक हिरवा ठिपका असेल.

हे एकाच झाडाचे दुर्दैव असते तर मी एवढे लिहिले नसते. इक्वेडोरमधल्या यासुनी राष्ट्रीय उद्यानात पंचवीस हेक्टरांच्या एका तुकड्यात अकराशेहून अधिक जातींची झाडे मोजली गेली आहेत. एवढ्या जाती एकत्र नांदतात कशा, याचे एक उत्तर डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९७१ मध्ये स्वतंत्रपणे सुचवले. त्या त्या जातीवर जगणारे किडे आणि बुरशी आईझाडाच्या आसपासच दबा धरून असतात, त्यामुळे त्याच्याच सावलीत पडलेले बी बहुधा तगत नाही, आणि त्या जागी दुसऱ्या जातीला शिरकाव मिळतो. म्हणजे बी जगायचे तर ते दूर गेले पाहिजे, आणि बी तर स्वतः चालत नाही. म्हणूनच वर्षावनातल्या बहुसंख्य झाडांच्या बिया पक्षी, वटवाघळे, माकडे, टॅपिर (छोटी सोंड असलेला डुकरासारखा दिसणारा प्राणी) यांच्या पोटातून किंवा तोंडातून प्रवास करतात. बी जितके मोठे, तितका ते गिळू शकणारा प्राणी मोठा लागतो, आणि शिकाऱ्याची बंदूक सर्वांत आधी वळते तीही अशाच प्राण्याकडे. काँगोच्या खोऱ्यात २००२ ते २०११ या काळात वनहत्तींची संख्या ६२ टक्क्यांनी घटली. तिथल्या काही झाडांची फळे हत्तीखेरीज क्वचितच कोणी गिळतो. ती झाडे अजून उभी आहेत, उद्याही असतील, पण त्यांच्या फळांना आता गिऱ्हाईक राहिलेले नाही. केंट रेडफर्ड या जीवशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये अशा जंगलाला ‘रिकामे जंगल’ म्हटले होते, आणि मला तो शब्द अजूनही नेमका वाटतो.

तुकड्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. १९७९ मध्ये थॉमस लव्हजॉय या जीवशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ब्राझीलच्या ॲमेझॉनमधल्या मनाऊस शहराच्या उत्तरेला एक मोठा प्रयोग सुरू झाला. कुरणांसाठी जंगल तोडले जाणारच होते, तेव्हा तोडताना एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे चौकोन शिल्लक ठेवून त्यांचे काय होते ते पाहायचे ठरले. कडेने ऊन आणि कोरडा वारा आत घुसला आणि सर्वांत मोठे वृक्षच आधी कोसळू लागले. लष्करी मुंग्यांच्या झुंडीमागे उडत, त्यांच्यापुढून पळणारे किडे टिपणारे पक्षी लहान तुकड्यांतून लवकरच दिसेनासे झाले, कारण मुंग्यांच्या फिरतीला तेवढी जागाच उरली नव्हती. शंभर हेक्टर आपल्याला पुष्कळ वाटतात, पण एवढ्या तुकड्यातूनही तळच्या झाडोऱ्यातल्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत जातात, असे तिथल्या नोंदींवरून निघाले. सगळ्यांत चटका लावणारी बाब ही की, त्यातले कित्येक पक्षी मधले जेमतेम ऐंशी मीटरांचे मोकळे रानही ओलांडायला धजत नव्हते. उजेडात येण्याची सवयच त्यांच्या कुळाला नाही.

पावसाचा भाग थोडक्यात आटोपतो. अटलांटिकवरून आलेले बाष्प ॲमेझॉनवर पडते, झाडे ते पानांतून पुन्हा हवेत सोडतात आणि तेच पाणी पश्चिमेकडे सरकत पुन्हा पुन्हा बरसते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकात पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे त्याच्या हलक्या-जड प्रकारांच्या प्रमाणावरून) हे दाखवून दिले. तोड २० ते २५ टक्क्यांवर गेली तर हे चक्र मोडून मोठा भाग विरळ झाडांच्या माळरानात बदलू शकेल, असा इशारा लव्हजॉय आणि हवामानशास्त्रज्ञ कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये दिला. आता ते १७ टक्के पुन्हा एकदा वाच.

झाडे लावण्याबद्दल म्हणशील तर माझा त्याला विरोध नाही, पण एकाच जातीच्या रांगा म्हणजे जंगल, हे मी कधीही मान्य करणार नाही. बोर्निओ आणि सुमात्रातले तेलताडाचे मळेही दुरून हिरवेच दिसतात, आणि मूळ जंगलातले बहुतेक जीव तिथे राहू शकत नाहीत. त्यापेक्षा तोडलेल्या जागेजवळ शाबूत जंगल असेल आणि त्यात बिया वाहणारे प्राणी असतील, तर ती जागा बऱ्याचदा आपली आपणच भरू लागते. जुने वैविध्य परतायला मात्र अनेक दशके, कधी शतकेही जातात.

तू मला निराशावादी म्हणशील, म्हणून हेही लिहितो. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधली वार्षिक तोड २००४ मध्ये सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर होती आणि २०१२ पर्यंत ती सुमारे ४,६०० वर आली. उपग्रहावरून जवळजवळ रोजची पाहणी, नव्या संरक्षित क्षेत्रांची घोषणा, बेकायदा तोड करणाऱ्यांना दंड आणि कर्जबंदी, एवढ्यावर हे साधले. पुढे राजकीय इच्छा ढिली पडली तशी ती २०२१ मध्ये पुन्हा १३,००० च्या आसपास गेली आणि नंतर परत उतरली. म्हणजे नळ कुठे आहे ते सर्वांना ठाऊक आहे, तो फिरवणारा हात तेवढा बदलत असतो.

आता एक काम कर. तोच उपग्रह नकाशा पुन्हा उघड आणि ब्राझीलमधल्या रोंदोनिया राज्यावर ये. एका मुख्य रस्त्यातून दोन्ही बाजूंना काटकोनात फाटे फुटलेले दिसतील, माशाच्या काट्यासारखे. दोन फाट्यांच्या मध्ये जी हिरवी पट्टी उरली आहे तिची रुंदी मोज, आणि मनाऊसचा तो ऐंशी मीटर न ओलांडणारा पक्षी तिच्यात बसवून पाहा. काय दिसले ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
माधव