तिसरं रेकॉर्डिंग पाठवलंय

प्रिय आई, बाबा,

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर आई पत्र शेवटाकडून वाचायला घेईल. आईने पियानोवर वाजवलेल्या 'ट्रॉयमेराय'चं, म्हणजे शुमान या संगीतकाराच्या त्या छोट्या रचनेचं, रेकॉर्डिंग काल रात्री ऑनलाइन कार्यक्रमासाठी पाठवून दिलं. पाचवं नाही, तिसरं. मुदत आज दुपारपर्यंत होती आणि तुम्ही दोघं झोपला होतात, हे खरं. पण तुम्ही जागे असतात तरी मी आधी पाठवलं असतं आणि मग फोन केला असता, हेही खरं. फोनवर आई नुसतं 'बरं' म्हणाली असती, आणि ते 'बरं' कुठलं हे मला लगेच कळलं असतं. म्हणून लिहायला बसले. आता काही बदलता येणार नाही, पण असं का केलं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

आई, तुला पाचवं का हवं होतं ते मला ठाऊक आहे. त्यात एकही चुकीचा सूर नाही. तिसऱ्यात मधल्या भागात, रचना बी-फ्लॅट या सुराकडे वळते तिथे, तुझ्या डाव्या अंगठ्याला शेजारची पट्टी लागते. अर्धा क्षण. तुला तो अर्धा क्षण रात्रभर ऐकू आला असणार, तेही मला माहीत आहे. 'तेवढा काढून टाकता येतो का बघ,' असं तू दोनदा विचारलंस. काढता येतो, तांत्रिकदृष्ट्या सहज. पण या कार्यक्रमाचा नियमच आहे की मागचं-पुढचं कापा, मधे कात्री लावायची नाही. सलग एकच टेक. नियम नसता तरी मी काढला नसता, पण ते पुढे सांगते.

मी दोन्ही रेकॉर्डिंगं हेडफोन लावून ऐकली, किती वेळा ते मोजलं नाही. पाचव्यात तू चुकू नये म्हणून वाजवतेयस. प्रत्येक उंच उडीच्या आधी एक बारीकसा थांबा येतो, हात जागेवर आहे ना हे तपासायला. आणि शेवटून तिसऱ्या बारमध्ये, जिथे चाल वरच्या 'ए' या सुरावर जाऊन थांबते, जिथे थांबायची खूण शुमानने स्वतः घातलेली आहे, तिथे तू थांबलीच नाहीस. सुखरूप पोचले आता, एवढंच त्यात आहे. तिसऱ्यात तू तिथे थांबलीस. किती थांबलीस! मी इथे श्वास धरून बसले. मग तू जे खाली उतरलीस, ते मी लहानपणी रोज रात्री ऐकलेलं आहे, जसंच्या तसं.

गतीबद्दलही तुला वाटतंय की तिसरं जरा घाईचं झालं. नाही झालं. 'ट्रॉयमेराय' १८३८ सालची, आणि शुमानने तिच्यावर लिहिलेली गती मिनिटाला १०० मात्रांची आहे. त्या गतीने वाजवलं तर सगळं दीड मिनिटाच्या आत संपेल. जवळजवळ सगळेच तिला त्याहून खूप सावकाश वाजवतात, आपल्या कानाला तीच सवय झाली आहे. तुझं तिसरं अडीच मिनिटांचं आहे आणि पाचवं तीन मिनिटांच्या वर गेलंय. म्हणजे लिहिलेल्याच्या जवळ कोण, तूच बघ.

आणि होरोविट्झ, तो मोठा पियानोवादक. १२ वर्षं मंचापासून लांब राहून तो १९६५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परत वाजवायला बसला, तेव्हा सुरुवातीलाच त्याचे सूर चुकले. त्या मैफलीची रेकॉर्ड निघाली तेव्हा काही चुका दुरुस्त करून निघाली. मग २००३ साली तीच मैफल न सुधारता, जशी झाली तशी प्रसिद्ध केली. इतक्या वर्षांनी लोकांना त्या चुकांसकटच ऐकायची होती. त्या संध्याकाळी शेवटी त्याने काय वाजवलं असेल? हीच, ट्रॉयमेराय. पुढे १९८६ साली मॉस्कोत, वयाच्या ८२ व्या वर्षी, पुन्हा हीच. तू अजून एकाहत्तरची आहेस.

बाबा, आता तुमच्याबद्दल. तुम्ही जे काम केलंय ते मी कुणाला तरी दाखवावं असं वाटतंय. पहिल्या दोन टेकना फोन पियानोच्या माथ्यावर होता, म्हणून सुरांपेक्षा हातोड्यांची टकटक जास्त येत होती आणि हळू वाजवलेलं नि जोरात वाजवलेलं सगळं एकाच उंचीचं वाटत होतं. फोनचा स्वभावच तो, हळू आवाज स्वतःहून वर ओढतो, मोठा खाली दाबतो. बोलण्यासाठी ते ठीक आहे, पियानोचा त्याने जीव जातो. तिसऱ्याला तुम्ही मी सांगितलं तसं दोन मीटर मागे, तिच्या डोक्याच्या उंचीला स्टँड लावलात, वरचं झाकण उघडलंत, आवाजाची पातळी आपोआप बदलणारी ती खूण बंद केलीत, आणि एकदम खोलीच बदलली. सूर कुठून येतोय नि कुठे विरतोय ते ऐकू यायला लागलं. रविवारी तुम्ही स्टँड परत पुढे सरकवलात ना? आईला तिचा आवाज कमी वाटला म्हणून. त्यामुळे चौथ्या-पाचव्यात पेडलची करकर येते. हे मी आधी सांगायला हवं होतं, तुमची चूक नाही त्यात.

आणि तिसऱ्याच्या शेवटी तुमचा श्वास आहे. शेवटचा 'एफ' सूर पूर्ण विरेपर्यंत तुम्ही फोनला हात लावला नाहीत, अजिबात हलला नाहीत, आणि मग नाकातून एक लांब श्वास सोडलात. मी मागचं कापलं ते त्या श्वासानंतर. तोही पाठवलाय. आई, रागावू नकोस. लोकांना वाटलं तर वाटू दे की खोलीत अजून कुणीतरी आहे. आहेच की.

एक गोष्ट मात्र जपून लिहिते. आई, तू म्हणालीस की मधल्या पट्टीतला एक सूर तुला 'थरथरतो', आणि त्याबरोबर हळूच म्हणालीस की आता कान गेले बहुतेक. कान गेलेले नाहीत. मलाही तो थरथरताना ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे. मधल्या आणि वरच्या प्रत्येक पट्टीला तीन तीन तारा असतात. त्यातली एक किंचित उतरली की दोन जवळचे सूर एकमेकांत मिसळून आवाज फुगतो-ओसरतो, फुगतो-ओसरतो. एक तार सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४१ वेळा कंप पावत असेल तर बरोबर सेकंदाला एकदा. तुला तेवढा फरक कळतोय, म्हणजे कान किती तल्लख आहेत बघ. हवेतला ओलावा बदलला की लाकडी फळी फुगते-आकसते आणि तारा सरकतात, याशिवाय त्यात काही नाही. पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरशी बोलणं झालंय, तो पुढच्या महिन्यात येईल, त्याचं सगळं मी बघितलंय, तुम्ही फक्त दार उघडा. तरीही, तरीही, कान एकदा तपासून घे. फोनवर तू हल्ली 'हो हो' म्हणतेस तेव्हा मला कळतं की शब्द पोचला नाही. तपासणीला बाबा बरोबर येतील, मी विचारलंय त्यांना.

तुला आठवतं, मी पियानोच्या खालच्या फळीला कान लावून बसायचे? तू वर ट्रॉयमेराय वाजवायचीस, मी तिला 'झोपेचं' म्हणायचे, आणि खाली लाकडातून ते पोटात यायचं. तुझा पेडलवरचा पाय माझ्या नाकासमोर. तू चप्पल काढूनच वाजवायचीस, अंगठा वर उचलला की सूर थांबणार हे मला कळायचं, आणि मी तुझा अंगठा धरून ठेवायचे, सूर थांबू नये म्हणून. तू ओरडली नाहीस कधी. व्हिडिओत पाय दिसत नाही, पण पेडल सोडताना तू अजून तसंच सावकाश सोडतेस, ऐकू येतं मला.

त्या दिवशी मी झाकण आपटून उठले, त्याबद्दल आपण नंतर बोललोच नाही. तू पट्ट्यांवर कापड घातलंस आणि आत गेलीस. मला वाटायचं तू रागावलीस. आता या वयात वाटतं, तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. त्यानंतर कित्येक वर्षं तू घरी कुणी नसतानाच वाजवायचीस, हे मला बाबांनी अगदी आत्ता, या रेकॉर्डिंगच्या निमित्ताने सांगितलं. कुणी नसताना वाजवलेलं पहिल्यांदा बाहेर जातंय, तर ते तुझ्यासारखं जायला हवं होतं. म्हणून तिसरं. खरं कारण हेच आहे, बाकी होरोविट्झ वगैरे नंतर सुचलं.

हातांचं बोलू. रविवारी संध्याकाळी बोटं सुजली होती हे तू मला सांगितलं नाहीस, बाबांनी सांगितलं. उजव्या हाताला इजा झाली म्हणून शुमानला पियानोवादक व्हायचं सोडावं लागलं, विशीतच. मग त्याने लिहिलं. तुला काही सोडायचं नाहीये, फक्त एका बैठकीला वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. वाजवायच्या आधी हात पाच मिनिटं कोमट पाण्यात, नीट पुसून मगच पट्ट्यांना लावायचे. डाव्या हाताचे ते लांब ताणाचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, एकदम न धरता खालून वर एकेक सोडत वाजव. सगळे लहान हातांचे लोक तेच करतात आणि ऐकणाऱ्याला ते गोडच वाटतं. स्टुलावर ती जाड उशी ठेव, कोपर पट्ट्यांच्या किंचित वर यायला हवं. चष्मा वाचायचा नको, ते दुसरं अंतर आहे, नोटेशनसाठी वेगळा करून घेऊ. दिवा डाव्या बाजूला.

बाबा, तुम्ही घड्याळ काढायला खुर्चीवर चढला होतात. व्हिडिओच्या आधीच्या तुकड्यात दिसतंय, मी बघितलं. पुन्हा चढायचं नाही. ते घड्याळ आता खालीच राहू द्या, शेल्फवर ठेवा, म्हणजे टिकटिक नको असेल तेव्हा दुसऱ्या खोलीत नेता येईल. आणि भिंतीपासून पियानो पुढे ओढायचा विचार मनातसुद्धा आणू नका. दोनशे किलोच्या वर वजन आहे त्याचं आणि तुमची कंबर मला ठाऊक आहे. भिंतीला लागून आहे म्हणून आवाज थोडा दबतो, दबू दे. पंखा फक्त तीन मिनिटं बंद ठेवायचा, टेक संपला की लगेच लावायचा. शनिवारी तुम्ही दोघं तासभर बंद खोलीत बसला होतात, हे चालणार नाही. आणि फाइल मला पाठवताना व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चॅटवरून व्हिडिओ गेला की आवाज पिळवटून बारीक होतो, मला पहिल्यांदा वाटलं पियानोच बिघडला.

कार्यक्रमाच्या दिवशी आईला थेट का वाजवू देत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. बोलण्याच्या ॲपला विरत जाणारा सूर गोंगाट वाटतो, ते तो मधेच गिळून टाकतं. म्हणून सगळ्यांची रेकॉर्डिंगं आधी मागवतात आणि एकापाठोपाठ एक लावतात. तुम्हाला काही करायचं नाहीये. लॅपटॉपला ते मोठे स्पीकर जोडा, लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरमधून डावा हात ऐकूच येत नाही. आईचं नाव सातवं आहे. कॅमेरा बंद ठेवलात तरी चालेल. आई, तो अर्धा क्षण आला की बाबांचा हात धर, तो जातो. मी इकडे बघत असेन, आणि आपला फोन आधीपासून जोडलेला ठेवू, म्यूट करून, म्हणजे संपल्या संपल्या आपण बोलू शकू.

सुट्टी मंजूर झाली आहे, तारीख फोनवर सांगते. स्टुलाच्या आत आपली चार हातांची, दोघींनी एकाच पियानोवर वाजवायची वही असेल, निळ्या पुठ्ठ्याची, ती वर काढून ठेव. लांब ताण सगळे खालच्या बाजूला आहेत, ती बाजू मी घेते. या वेळी वर तू बस.

तुमची,
धाकटी